पेटीतली सायकल

दर आठवड्याला तुमची-माझी गाठ पडते ती दीड पानापुरती. दिवाळी अंकात मात्र संपादक लगाम जरा सैल सोडतात. म्हणून यंदा, एरवी दीड पानात मावली नसती अशी एक वस्तू आपल्यापुढे ठेवतो. ती वस्तू म्हणजे माझी सायकल. मौज अशी, की दीड पानात न मावणारी ही सायकल एका सूटकेसमध्ये मात्र बेताने मावते. ती घेऊन मी आजवर दोनदा विमानाने अमेरिकेस जाऊन आलो. तिसरी वारी येत्या वसंतात आहे. "अहो, सायकल आणि विमानातून?" हा प्रश्न मला कट्ट्यावर, लग्नकार्यात, इतकेच काय, दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलो असतानाही विचारला गेला आहे. तेव्हा एकदाचे उत्तर छापून टाकलेले बरे.

विचारणाऱ्याचा पहिला मुद्दा असा असतो, की अमेरिकेत सायकली मिळत नाहीत का? मिळतात. दुसरा मुद्दा, चिरंजीवांची मोटार आहे ना? आहे. एक नव्हे, दोन आहेत. आणि खरे दुखणे तेच आहे.

ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांना हे दुखणे समजावून सांगावे लागणार नाही. आपण जातो. पहिले आठ दिवस कौतुकाचे जातात. मग सोमवार उजाडतो. मुलगा कामावर, सूनबाई कामावर, नातवंड शाळेत. आणि आपण दोघे त्या गुळगुळीत, चिडीचूप घरात. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुकान तीन मैलांवर. बस नाही. पायी निघावे, तर चार घरे गेल्यावर फुटपाथच संपतो. मग टीव्ही, मग चहा, मग खिडकी, मग पुन्हा चहा. शुक्रवार संध्याकाळपर्यंत आपण ठेवलेल्या जागी असतो. शनिवारी कोणीतरी आपल्याला उचलून मोटारीत ठेवते.

आमचा मुलगा पूर्वी टेक्सासमधल्या एका शहराच्या कडेला राहत असे. तिथे आम्ही तीन महिने होतो. एके दिवशी सकाळी हिच्या डोळ्यांची आग होऊ लागली. बरोबरचे थेंब संपले होते. थेंब अगदी साधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळणारे. पण मिळणार कुठे, तर तीन मैलांवर. मी म्हटले, "फोन करू का त्याला?" ही म्हणाली, "नको, आज त्याची मोठी मीटिंग आहे. येताना आणेल." घरात दोन धडधाकट माणसे, खिशात डॉलर, बाहेर लख्ख ऊन; आणि संध्याकाळी सातपर्यंत ही डोळ्यांवर ओला रुमाल घेऊन बसून राहिली. सातला मुलगा आला, आणि "बाबा, फोन का नाही केला?" म्हणून रागावला. त्या रागात मायाच होती. पण ज्या पोराला तापात सायकलच्या दांड्यावर बसवून मी डॉक्टरांकडे नेत असे, त्याच्या घरी मला औषधाच्या दुकानापर्यंत जाता येऊ नये, हे मनाला लागून राहिले. मी काही बोललो नाही. मुलाने मात्र ते ओळखले असावे. माझ्या एकसष्टीला त्याने शाल-श्रीफळाऐवजी ही सायकल दिली.

आता थोडे या जातीविषयी.

सायकल विमानात चढते यात नवल वाटायचे काही कारण नाही. विमान जन्मले तेच मुळी सायकलच्या दुकानात. राइट बंधूंनी ओहायो राज्यातल्या डेटन गावी १८९२ साली सायकलचे दुकान काढले, आणि १८९६ पासून स्वतःच्या सायकली बनवायला घेतल्या. १९०१ साली त्यांना पंखांच्या आकाराविषयी शंका आली, तेव्हा त्यांनी सायकलच्या हँडलपुढे एक तिसरे चाक आडवे बसवले, त्यावर पंखाचा नमुना लावला, आणि वारा अंगावर घेत गावातून सायकल हाणली. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान उडाले, त्याचे पंखेदेखील इंजिनापासून चेनने आणि दात्यांच्या चक्रांनी फिरत होते. म्हणजे सायकल ही विमानाची आई. पण लेकाच्या घरी आईने जायचे तर सामान म्हणून, असा आजचा रिवाज आहे. आणि हा रिवाज काही विमानांपुरताच नाही, हे वर आलेच आहे.

सायकल लहान करण्याची खटपट जुनीच. दुसऱ्या महायुद्धात बी.एस.ए. कंपनीने ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी मधोमध दुमडणारी सायकल केली होती. १९६२ साली अ‍ॅलेक्स मोल्टन या इंग्रज इंजिनिअरने चाकच लहान केले, आणि लहान चाकाला बसणारे धक्के शोषायला रबराची योजना केली. पुढे १९७० नंतरच्या दशकात अँड्र्यू रिची याने लंडनमध्ये तीन घड्यांची ब्रॉम्प्टन सायकल काढली. त्याच्या खोलीसमोरच्या ब्रॉम्प्टन चर्चचेच नाव त्याने तिला दिले. आणि १९९२ साली अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या यूजीन गावी शोल्झ बंधूंनी बाइक फ्रायडे नावाची सायकल विकायला काढली. ती विमानाच्या सूटकेससाठीच बेतलेली. उतरल्यावर त्याच सूटकेसला दोन चाके लावायची, आणि ती गाडीसारखी सायकलमागे ओढायची, अशीही सोय तिच्यात होती. माझी सायकल या शेवटच्या कुळातली.

हे सारे सूटकेससाठीच का, तर विमान कंपन्यांच्या मापासाठी. पुष्कळ कंपन्यांचा नियम असा, की पेटीची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज ६२ इंच, म्हणजे १५८ सेंटिमीटर, आणि वजन २३ किलो, म्हणजे ५० पौंड, याच्या आत हवे. अखंड सायकलचे खोके याच रीतीने मोजले तर बेरीज ९० इंचांच्या घरात जाते. मग निराळा आकार, निराळी खिडकी, आणि बहुधा निराळे पैसे. चाके २० इंचांची असली, की ती सूटकेसमध्ये शेजारी-शेजारी निजतात, आणि फ्रेम त्यांच्यावर घडी घालून बसते. नियम कंपनीगणिक बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी ते वाचावेत.

"एवढीशी चाके! पाय मारून मारून दम लागत असेल." हा तिसरा प्रश्न. त्याला उत्तर गणिताचे आहे. २० इंची चाकाचा वेढा सुमारे दीड मीटर. माझ्या पायडलपाशी ५२ दात्यांचे चक्र आहे, आणि मागे १३ दात्यांचे. म्हणजे पायडल एकदा फिरले की चाक चारदा फिरते, आणि सायकल सहा मीटर पुढे जाते. २८ इंची चाकाचा वेढा सुमारे सव्वादोन मीटर. त्याला तेवढेच जायला पावणेतीन फेऱ्या लागतात. पाय दोन्हींकडे एकदाच मारायचा. खाचखळगे मात्र लहान चाकाला जास्त कळतात, हे कबूल.

आता बांधाबांध. माझ्या हाताला ती चाळीस मिनिटांची सवय झाली आहे. सुरुवात पायडलपासून. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे सायकलच्या दुकानातल्या पोरालाही ठाऊक असते. पण घाईत हात चुकतो. सोपी खूण अशी, की पान्याचा दांडा वरून मागच्या चाकाकडे वळवायचा. डावे असो वा उजवे, दोन्ही सैल होतात. मग सीट, मग हँडल, मग चाके. चाक काढल्यावर पुढच्या चिमट्याच्या दोन टोकांमध्ये प्लॅस्टिकचा ठोकळा अडकवायचा, नाहीतर वरून दुसरी पेटी आदळली की चिमटा दाबला जातो. पाने, पेचकस सारे याच सूटकेसमध्ये. हातातल्या पिशवीत ठेवले तर तपासणीला काढून घेतात. तेलाचा फवारा मारायचा डबा घरीच ठेवायचा, कारण तो पेट घेणारा. विजेच्या सायकली ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे, की १६० वॅट-तासांवरची बॅटरी प्रवाशाला विमानातून नेताच येत नाही, आणि त्या सायकलींची बॅटरी बहुधा याच्या कितीतरी वर असते. आपल्या पायांना ही अट नाही.

टायरमधली हवा काढावी की नाही, यावर शेजारचे प्रोफेसर आणि मी यांच्यात दोन संध्याकाळी वाद झाला. ते म्हणत, उंचावर टायर फुटेल. पण प्रवासी विमानात सामानाच्या कोठीतही माणसांच्या खोलीइतकाच हवेचा दाब ठेवलेला असतो. तो फार तर २४०० मीटर उंचीवर असतो तितका उतरतो. उटी २२४० मीटरवर आहे. उटीला सायकलींची टायरे फटाफट फुटल्याचे कोणी ऐकले आहे काय? तरीही मी हवा काढतो. काउंटरवरच्या मुलीला हवा काढली का असे विचारायचे असते, आणि रात्री दोन वाजता तिला उटीची उंची सांगण्यात अर्थ नसतो.

इथवरचे काम माझे. पुढचे हिचे. पहिल्या खेपेला मी नळ्यांभोवती वर्तमानपत्रे गुंडाळू लागलो, तेव्हा ही बाजूला उभी राहून बघत होती. सूटकेस रिकामी साडेपाच किलो, सायकल साडेअकरा, अवजारे एक. म्हणजे अठरा किलो झाले. राहिले पाच. त्या पाच किलोंवर हिचा डोळा होता.

"चाकांच्या मधे केवढी जागा आहे. भाजणी बसेल, मेतकूट बसेल, लाडवांचा डबा बसेल."

"बसेल की."

"तुमच्या त्या तेलकट चेनशेजारी?"

हा पेच दोन दिवस सुटला नाही. तिसऱ्या दिवशी हिने ट्रंकेतून दोन जुनी सुती लुगडी काढली आणि शिवणयंत्रावर बसली. फ्रेमच्या प्रत्येक नळीला गोधडीसारखी दुपदरी खोळ, चाकांना गोल पिशव्या, चेनला नाडीची लांब पिशवी, पायडलांना दोन बटवे. प्रत्येकीवर लाल दोऱ्याने नाव टाचलेले: 'पुढचे चाक', 'मागचे चाक', 'हँडल', 'डावे', 'उजवे'. सायकल त्या खोळींत गुंडाळून ठेवली तेव्हा बाळंतिणीची पेटी भरल्यासारखे दिसू लागले. मधल्या पोकळीत भाजणी, मेतकूट आणि बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा बसला. काटा म्हणाला, साडेबावीस.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने विचारले, "काका, ह्यात काय आहे?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मला निघताना दोघा-तिघा अनुभवी मंडळींनी बजावले होते, "सायकल म्हणू नका. तो शब्द ऐकला की पैसे लावतात. व्यायामाचे सामान म्हणा, यंत्राचे सुटे भाग म्हणा." सल्ला हितबुद्धीचाच होता. पण साठी उलटल्यावर, पाठीशी ही उभी असताना, मुलीच्या वयाच्या पोरीला असले काही सांगणे मला जमेना. शिवाय कंपनीचा नियम मी वाचला होता. त्यात शब्दाला पैसे नव्हते, मापाला होते. आणि माप बसत होते.

"सायकल," मी म्हणालो.

"सायकल? ह्यात?"

"हो. आणि थोडे लाडू."

तिने पेटी काट्यावर ठेवली, पट्टी लावून तिन्ही बाजू मोजल्या, आणि हसून चिठ्ठी चिकटवली. पैसे नाहीत. माणसाने आपले सामान मापात बसवले, की त्याला खरे बोलायची भीती उरत नाही. हे सामानापुरतेच खरे आहे असे मला वाटत नाही.

पेटीत वरच मी एक कागद ठेवतो: मांडणीचे छायाचित्र आणि खाली इंग्रजीत चार ओळी, की ही घडीची सायकल आहे, उघडलीत तर कृपा करून अशीच ठेवा. मुक्कामी पोचल्यावर पाहिले, तर पेटी उघडून तपासल्याची सरकारी छापील चिठ्ठी आत होती. खोळी जागच्या जागी, नाड्यासुद्धा बांधलेल्या. हिने आधी लाडू मोजले. बावीसच्या बावीस.

मुलगा आता कॅलिफोर्नियात डेव्हिस गावी असतो. विद्यापीठाचे गाव, वस्ती सत्तर हजारांच्या आत, जमीन पोळपाटासारखी सपाट, उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नाहीच. १९६० नंतरच्या दशकात हॉलंडमधल्या हेग शहरी राहून आलेल्या एका प्राध्यापक-कुटुंबाने इथे सायकलींसाठी वेगळी वाट हवी असा लकडा लावला. १९६६ च्या नगरसभेच्या निवडणुकीत तोच मुद्दा झाला, आणि १९६७ साली अमेरिकेतले पहिले सायकलपट्टे याच गावच्या रस्त्यांवर आखले गेले. गावाभोवती १२ मैलांची सायकलची प्रदक्षिणा आहे. मोठ्या रस्त्यांखालून सायकलींचे बोगदे आहेत. ज्याने जुने पुणे पाहिले आहे, सायकलचा बिल्ला लावला आहे, आणि दिव्याशिवाय पोलिसाच्या हाती सापडण्याची धास्ती घेतली आहे, त्याला इथे परके वाटत नाही. रात्री पुढे पांढरा दिवा हवाच, हा कायदा तिथेही आहे.

मग तिथली सायकल का नको, याचे उत्तर आता देतो. तिथे रस्त्याच्या उजवीकडून जायचे, हे एक नवे. त्यात तिथल्या सायकलींना पुढच्या चाकाचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. सवयीने भलताच ब्रेक करकचून दाबला गेला, तर या वयात हाड जुळायला वेळ लागतो. रस्ता नवा असताना सायकल तरी जुनी असावी. शिवाय ही सायकल दुमडून रेल्वेच्या डब्यात नेता येते, मुलाच्या मोटारीच्या डिकीत जाते, आणि सीटची दांडी वर-खाली केली की माझ्या उंचीच्या माणसाला जशी चालते, तशी हिच्या उंचीच्या माणसालाही.

ते आधी माझ्या ध्यानात आले नव्हते, हिच्या आले. आठवडाभर मी रोज सकाळी जाऊन दूध, पाव, कोथिंबीर आणू लागलो. बुधवारी-शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिथून टोमॅटो आणले. सूनबाई ऑफिसातून फोन करून विचारी, "बाबा, येताना काही आणायचंय का?" आणि मी म्हणे, "तुला काही हवंय का सांग, मी निघालोच आहे." हे वाक्य उच्चारण्याचे सुख फोनवर कसे वाटते, ते ज्याने तीन महिने खिडकीत काढले आहेत त्यालाच कळेल. दुसऱ्या सोमवारी मी चहा घेत होतो, तेव्हा ही पंजाबी ड्रेस घालून, हेल्मेट हातात घेऊन उभी.

"जरा सीट खाली करून द्या."

"तुला येते?"

"मॅट्रिकपर्यंत रोज पेठेतून शाळेत सायकलवरच जात होते. तुम्हाला सांगायची वेळ आली नाही."

पस्तीस वर्षांच्या संसारात वेळ आली नाही! ती कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, दिसेनाशी झाली. मी दारात उभा. वीस मिनिटांनी आली ती घंटी वाजवीत. पुढच्या टोपलीत औषधाच्या दुकानाची कागदी पिशवी होती. आत डोळ्यांचे थेंब.

"संपले होते?" मी विचारले.

"नाही," ती म्हणाली. "असू देत."

त्यानंतर सकाळ माझी आणि संध्याकाळ हिची, अशी वाटणी झाली. एका सायकलवर दोघांनी बसायची त्या गावात सोय नाही. मागे रीतसर सीट असल्याशिवाय डबलसीट तिथे कायद्याला चालत नाही. त्यामुळे बारा मैलांची प्रदक्षिणा आम्ही आजवर बरोबर केलेली नाही. मी करून येतो आणि सांगतो, ही करून येते आणि सांगते. आणि दोघांच्या सांगण्यात वाट सारखी नसते.

येत्या वसंतातल्या प्रवासासाठी गेल्या महिन्यात मी तिकिटे काढली. आम्हा दोघांना मिळून चार पेट्या नेता येतील: दोन कपड्यांच्या, एक सायकलची, आणि चौथी नेहमीप्रमाणे मसाले, लोणची, पापड यांची. त्या चौथ्या पेटीची यादी करायला मी वही-पेन्सिल घेऊन बसलो. आतल्या खोलीत शिवणयंत्र चालू होते. दिवाळीचे पडदे शिवत असेल असे वाटले.

"लोणची किती लिहू?" मी ओरडून विचारले.

"काही लिहू नका. तिथं सगळं मिळतं. भाजणी तेवढी घ्या, ती बसेल मधे."

आत जाऊन पाहिले. यंत्राशेजारी जुनी लुगडी पडली होती, आणि तिने नुकतीच संपवलेली गोल पिशवी पलंगावर होती. 'पुढचे चाक' हे नाव या वेळी हिरव्या दोऱ्याने टाचले होते.

"लाल दोरा संपला का?"

"नाही हो," ती मान वर न करता म्हणाली. "तुमची लाल, माझी हिरवी. बांधताना अदलाबदल नको व्हायला."

मुलाला फोन करून दुसऱ्या सायकलचे विचारावे म्हणून मी बाहेर आलो. तो म्हणाला, "बाबा, आईनं मागच्याच आठवड्यात सांगितलंय."